रेडिएटर गळतो आहे

रीगा बंदराच्या मागे, चौथ्या मजल्यावर
नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.
विज्मा ग्राउडिन्या, वय सत्तावन्न,
कंटेनरच्या पावत्या एकाखाली एक लावते
आणि थांबते.
पडद्यावरचा बाण
तिच्या बोटाच्या आधी
केसभर हलला.

"मशीन म्हातारं झालंय," शेजारचा रीनाल्ड्स म्हणतो,
तिच्याकडे बघतो, आणि जीभ चावतो.

ती चालू प्रोग्रॅमची यादी उघडते.
ऐंशी नावं. बहुतेक ओळखीची,
रोज जिन्यात भेटणारी.
एक मात्र कशाचंच नाव नसल्यासारखं:
सहा अक्षरं, एक आकडा,
बनवणाऱ्याच्या रकान्यात काहीच नाही.
ती ते बंद करते.
ते परत येतं,
न बोलावता जेवायला येणाऱ्या दिरासारखं.

कॅमेऱ्यावर तिनं केव्हाच चिकटवलंय
काळ्या पावाच्या पाकिटावरचं लेबल.
पण हे बोटांचं बोलणं ऐकणारं काहीतरी,
त्याला लेबल कुठे लावायचं?

बाप बोलण्याआधी नळ सोडायचा.
फोनवर उशी ठेवायचा
आणि मग आईला सांगायचा
बटाटे कुणाकडे मिळतात, किती रुबलला.
एवढंच. बटाटे.
सात वर्षांच्या विज्माला वाटायचं
टेलिफोन झोपलाय,
म्हणून घरात सगळे हळू बोलतात.

सोमवारी ती कोरी फाइल उघडते,
कुणालाच न पाठवायचं पत्र लिहिते:
तिसऱ्या खिडकीखालचा रेडिएटर गळतो आहे.
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
छापत नाही, जतन करत नाही,
एकेक अक्षर मागे जात पुसून टाकते.
खिडकीखालची फरशी कोरडीठाक.

मंगळवारी काही नाही.
बुधवारी काही नाही, आणि तिला स्वतःचीच लाज वाटते,
इतकी, की डब्यातला अर्धा केक ती रीनाल्ड्सला देऊन टाकते.
गुरुवारी सव्वादहाला
पान्ह्यांची पेटी घेऊन एक माणूस येतो.
"गळतंय म्हणे?"
"कोण म्हणालं?"
तो हातातला कागद बघतो. खोलीचा नंबर आहे, नाव नाही.
वाकतो, फरशीवरून तळहात फिरवतो,
मग बराच वेळ त्या कोरड्या हाताकडेच बघत राहतो.

भीती वाटेल असं तिला वाटलं होतं.
वाटलं ते वेगळंच:
बापाला आयुष्यभर मिळाली नाही
ती पोच
आज हातात पडली.

खणातून ती नोकरीचा करार काढते.
एकोणिसावं पान, मुंगीएवढी अक्षरं,
खाली तिचीच सही, तिरकी, घाईची.
त्या दिवशी बस चुकत होती.

पाळत ठेवणाऱ्याला आता ती पाळू लागते.
पुसायच्या पत्रांतून रोज चिमूटभर चारा.
लिफ्टमधला दिवा लुकलुकतो: दिवा बदलतो.
साबण संपलाय: साबण येतो, लिंबाच्या वासाचा.
माझ्या खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो
हे तर खरंच होतं. खुर्चीही आली.

मग एका शुक्रवारी तिनं लिहिलं:
सात वर्षं पगार तोच आहे.
पुसलं नाही. तास-दीड तास
उघडंच ठेवलं पडद्यावर.

सोमवार. मंगळवार.
पुढचा सोमवार.
कुणीही आलं नाही
कसलीही पेटी घेऊन.

आज चहाच्या वेळी
ती रीनाल्ड्सला खुणेनं स्वयंपाकाच्या कोपऱ्यात बोलावते
आणि नळ पूर्ण सोडते.
पाणी स्टीलच्या भांड्यावर आपटतं,
ती त्याच्या कानाशी झुकते.

"आधी नळ बंद करू का?" तो विचारतो,
"उगाच पाणी वाया जातंय."

तेवीस वर्षांचा आहे तो.
तिला हसू येतं, मग येत नाही.

"राहू दे," ती म्हणते.
"तुझा पगार किती, ते सांग."