भाग एकशे बारा

पहिल्याच भागात दार सरकलं
आणि दारामागे हात दिसला.
माणसाचा. बाही दुमडलेली, मनगटावर घड्याळ.
यानाचं आपोआप उघडणारं दार तो ओढत होता.
मी नऊ वर्षांची. ओरडले, आई, हात!
ती पोर्ट टॅल्बटच्या काजळलेल्या खिडकीला पडदा लावत होती.
म्हणाली, मग? तुझे बाबाही रात्रभर तेच करतात,
भट्टीची दारं काय आपोआप उघडतात?

तेव्हापासून 'नववं बंदर' माझं.

खलनायक व्हॅक्यूम क्लीनरच्या नळ्यांचे.
मिसेस प्रॉसरकडे तीच नळी होती, तोच करडा रंग.
हे ठाऊक असूनही त्यांच्या घरी
मी कधी गालिच्यावर पाय टेकला नाही.

रंगीत टीव्ही आला तेव्हा कळलं,
कप्तान हॅरोचा कोट मोहरीसारखा पिवळा.
मी इतकी वर्षं तो निळा पाहिला होता.
अजूनही निळाच पाहते.

सहा कप्तान झाले. तिसऱ्याला मी माफ केलेलं नाही.
पत्र लिहिलं होतं: महोदय,
निर्वात पोकळीत छत्री कशाला?
उत्तरात फोटो आला, छापील सहीचा,
आणि फोटोतही छत्री.
दर नव्या कप्तानाला मी म्हणते, संपलं, आता बघणे नाही.
आणि शनिवारी पावणेसहाला बसलेली असते
चहा घेऊन,
कोट न काढता.
तेवढीच नाराजी.

लग्न मोडलं त्या आठवड्यात
यान एका वर्तुळात अडकलं होतं, सलग चार भाग.
समीक्षकांनी झोडपलं. कंटाळवाणं म्हणाले.
मला एक क्षणही कंटाळा आला नाही.

भाग एकशे बारा. हॅरो जातो.
चॅनेलवाल्यांनी त्या टेपवर नंतर घोड्यांची शर्यत भरली;
टेप महाग होती म्हणे.
उरला फक्त आवाज, माझ्या कॅसेटवर,
कारण त्या शनिवारी बारा वर्षांच्या मी
माइक टीव्हीच्या जाळीला
चिकटपट्टीनं चिकटवला होता.

मागच्या वर्षी लंडनहून एक मुलगा आला, फर्गस,
पांढरे हातमोजे घालून.
दाईनं बाळ उचलावं तशी कॅसेट उचलली.
म्हणाला, घरातले आवाज तेवढे काढून टाकू.
म्हटलं, काढा की.
घरातले आवाज म्हणजे काय काय,
हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

काल लागला तो भाग.
भाचीचा मॅक्सन शेजारी, उशी छातीशी धरून.
चित्रं नवी काढलेली, सुबक.
दार आपोआप उघडतं.
हात नाही.
कोट पिवळा.

चौदावं मिनिट. हॅरो म्हणतो,
बंदराचा दिवा मालवू नका.
माझ्या कॅसेटवर याच्यानंतर
जिन्यावर बाबांचे बूट वाजतात, रात्रपाळीचे,
किटली शिट्टी घालते,
आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, वेल्शमधून,
कोण गेलं गं?
अवकाशात वेल्श कुणी बोलत नसे.
मी लाजून, चिडून,
सगळ्या ताऱ्यांदेखत तिला म्हणते:
शूऽ!

काल तिथे शांतता होती.
धुऊन पुसून ठेवलेली.
हॅरोचा श्वास ऐकू आला,
पन्नास वर्षांत पहिल्यांदा,
आणि तो फारसा चांगला नट नव्हता हेही.

माझ्या तोंडून निघून गेलं,
कोण गेलं गं?

मॅक्सन, नजर न हलवता:
शूऽ!