साध्या वेशात

मी साध्या वेशात होतो.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
पंख्यांच्या कारखान्याचं बंद गेट,
टाळेबंदीचा एक्केचाळिसावा दिवस.
हातात वही. साहेबांचा हुकूम :
कोण काय बोललं, शब्दन् शब्द.

भाषणं सोपी असतात.
पुढारी श्वास घेतो, टाळ्या पडतात,
तेवढ्यात दोन ओळी उतरून होतात.
पण मग वाइंडिंग खात्यातली शेवंता अडांगळे उठली.
वहीत : अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस,
डाव्या हाताची दोन बोटं तारेनं कापलेली.
डफ नाही, माइक नाही.
जेवणाचा डबा पालथा घालून तिनं ठेका धरला :

भोंगा तुझा, सकाळ माझी,
भिंत तुझी, वीट माझी

लिहीत गेलो. चार कडवी.
ध्रुवपद पुन्हा आलं तिथं 'वरीलप्रमाणे'.
खाली शेरा : गाणे आक्षेपार्ह, जमाव दोनशे.
चालीचं काय करायचं ते कळेना.
चाल कुठल्या कलमात बसत नव्हती.

कारखाना उघडला नाही.
हे सांगून टाकलेलं बरं,
नाहीतर वाटायचं गाण्यानं कुलूप तुटलं.
हिशेब मिळाला निम्म्याहून कमी.
कुणी रिक्षा घेतली, कुणी दारू,
शेवंता किसननगरच्या नाक्यावर भाजी घेऊन बसायची.
मी तिच्याकडून मेथी घ्यायचो.
तिनं मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं होतं,
आणि जुडी मुद्दाम बारीक काढायची.

गंमत पुढंच आहे.
पोलीस लाइनीतली खोली, रात्रीचे दोन,
थोरला तापानं फणफणलेला, माझ्या मांडीवर.
मी काहीतरी गुणगुणतोय.
बायको म्हणाली, हा कुठला हो पाळणा?
तेव्हा लक्षात आलं मी काय म्हणतोय ते.
आणि हेही, की चाल मुळात पाळण्याचीच होती.
दोनशे माणसं तिनं गेटवर
त्याच चालीवर जागी ठेवली होती.

शेवंता गेली त्याला बरीच वर्षं झाली.
मी रिटायर झालो. गुडघे गेले.
कारखान्याच्या जागी काचेची इमारत आली,
आत काय चालतं कुणास ठाऊक, दिवे रात्रभर जळतात.
परवा सकाळी दूध घेऊन चाललो होतो.
तिथंच, गेटच्या जागी आता वर-खाली होणारा दांडा आहे,
सफाईच्या कंत्राटी बाया बसलेल्या.
चार महिन्यांचा पगार थकलेला.
आणि प्लास्टिकच्या बादलीवर ठेका :

मशीन तुझं, अंगठा माझा

भोंगा गेला, तर त्यांनी ओळ बदलून घेतली होती.
कुणाला न विचारता. विचारणार तरी कुणाला?
तिसऱ्या कडव्याशी अडल्या.
कुलूप तुझं, कुलूप तुझं...
पुढचं एकीलाही येईना.
हसल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला येत होतं.
कुठल्याशा कपाटात, वाळवीनं ठेवलं असेल तर,
माझ्याच अक्षरात, माझ्याच शेऱ्यासकट
त्या गाण्याची एकुलती पूर्ण प्रत आहे.

पलीकडे झाडाखाली एक पोरगा
मोबाइल आडवा धरून उभा.
टी-शर्ट, जीन्स. मी बूट पाहिले.
तांबडे, पॉलिश केलेले. आमच्यातलाच.

दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली.
गळा नाही मला, कधीच नव्हता. तरी म्हणालो :

कुलूप तुझं, लोखंड माझं

बादली थांबली.
बाया वळून पाहायला लागल्या.
एक म्हणाली, काका, तुम्ही कुठल्या खात्यात होता?
पोरानं मोबाइल माझ्याकडे वळवला.

नीट घे रे, म्हटलं.
चौथं कडवं अवघड आहे.