बाराव्या थापेला

स्टॅन्ली गावात, पेट्रोल पंपावर, सकाळी उणे एकवीस.
माइतेनं प्रत्येकाची पाठपिशवी उचलून पाहिली,
माझ्यातलं जाडजूड चरित्र काढून गाडीत टाकलं,
आणि तिखट पुऱ्यांचा डबा हुंगून म्हणाली,
हा राहू दे.

छातीशी बांधलेलं एक यंत्र
दर सेकंदाला बोलत असतं : मी इथं, मी इथं.
आपण चालत असेपर्यंत ते कुणी ऐकायचं नसतं.

स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या.
पुढं सरकू देतात, मागं घसरू देत नाहीत.
दंतवैद्य ऑरिन म्हणाला, माणसालाही अशी लावता आली पाहिजे.
त्याची बायको तेव्हा सगळ्यांच्या पुढं होती,
वळूनसुद्धा न बघता.

वाटेत ॲस्पनच्या खोडावर
माइतेच्या पणजोबांचं नाव. मेंढ्यांमागं आलेले,
अख्खा उन्हाळा बोलायला कुणी नाही,
मग चाकूनं झाडाशीच बोलले असावेत.
अक्षरं झाडाबरोबर रुंदावलीत, काळी पडलीत.
नावापुढं आणखी एक शब्द आहे.
तो तिला वाचता येत नाही.
दर हिवाळ्यात ती त्यावरून हातमोजा फिरवते
आणि पुढं निघते.

खोपीत एक शेगडी, सहा फळ्या,
दोरीवर अकरा मोजे (बारावा कुणाचा ते कळलं नाही).
टोपभर बर्फ वितळवला की बूडभर पाणी.
मी ढवळत बसले.
इतका वेळ मी कधी पाण्याकडं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, खिंडीच्या खाली,
माइतेनं फावड्यानं उतार कापला,
बर्फाचा एक खांब मोकळा केला,
त्याच्या डोक्यावर फावडं ठेवून थापा मारू लागली.
मनगटातून दहा. काही नाही.
कोपरातून एक.
बाराव्या थापेला वरचा थर सरकला,
ताटातून वडी सुटावी तसा, अलगद, सबंध.
खाली डिसेंबरातलं जुनं दंव,
साखरेसारखं सुटं, कुणाशीच न जमलेलं.
ती म्हणाली, परत.

ऑरिननं वर बघितलं. निळं आभाळ,
वाऱ्याचं नाव नाही, खिंड हाताशी.
एका थापेवरून? त्यानं विचारलं.
आमच्यात थाप म्हणजे खोटंही असतं,
पण हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती.
पैसे, रजा, गुडघ्याचं ऑपरेशन,
सगळं त्यानं एकेक करून मोजलं.
माइतेनं ऐकून घेतलं आणि खड्डा बुजवला.

रात्री शेगडीपाशी कुणी फारसं बोललं नाही.
पुऱ्या तेवढ्या संपल्या.

तिसऱ्या दिवशी उजाडताना बाहेर आले.
वाटलं होतं उतार फाटलेला असेल,
खाली ढीग, मोडलेली झाडं,
म्हणजे मग सगळं सरळ झालं असतं.
उतार तसाच होता. इस्त्री केल्यासारखा.
एका सशाची पावलं त्याच्या मधोमध जाऊन
पलीकडं पोचली होती.

ऑरिन दारात उभा राहून ते बघत होता.
माइते स्कीला मेण लावत होती. तिनं मान वर केली नाही.

बॉयझीच्या कारखान्यात माझी वीस वर्षं
अशीच गेलीत : हे थांबवा, हा माल नको.
जे घडलं नाही त्याचा फोटो निघत नाही.
दर तिमाहीला कुणीतरी विचारतंच,
तुम्ही नेमकं काय करता?

खोपीच्या वहीत सगळ्यांनी लिहिलं.
मी मराठीत लिहिलं, दोनच ओळी :
खिंडीपर्यंत गेलो नाही.
सगळे परत आलो.

माइतेनं अक्षरांवरून बोट फिरवलं,
काय लिहिलंय ते विचारलं नाही.
मग दोरीवरचा तो एकटा मोजा
खिशात घातला,
आणि उताराच्या कडेकडेनं, झाडांतून,
आम्ही खाली निघालो.