चार विटा

मुरारला डिसेंबरात धुकं
न विचारता परसात शिरतं.
म्हणून खुराड्याला गोणपाट ठोकलं,
फटींत चिंध्या कोंबल्या,
वरून खताच्या पोत्यांचं प्लास्टिक.
सात कोंबड्या, एक कोंबडा.
निजा म्हटलं गुमान.

चौथ्या पहाटे दार उघडलं
तर डोळेच चरचरले.
पत्र्याला आतून घाम फुटलेला,
थेंब थेंब त्यांच्या पाठीवर.
कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी,
विझल्या वातीसारखी.

हमीदचाचांनी वाकून एकदाच हुंगलं.
"ठंड से नहीं बाई, सीलन से मरती हैं.
साँस को रास्ता दो."

मग वळचणीखालच्या चार विटा काढल्या,
दोन पूर्वेला, दोन पश्चिमेला,
दांडीवरच्या डोक्यांहून हातभर वर,
वारा जाईल पण पिसांना शिवणार नाही
इतक्या उंच.
मुंगसासाठी जाळी. खाली कोरडा भुसा.

सासूबाई म्हणाल्या, काकडून मरतील गं.
ग्वाल्हेरची थंडी तुला ठाऊक नाही.
रात्री दोनदा बॅटरी घेऊन गेले.
पिसं फुगवून बसलेल्या, एकमेकींना खेटून.
त्यांची वाफ जाळीतून निघत होती
आणि धुक्यात कुठली कुणाची, कळत नव्हतं.

घरात शेगडी, बंद खिडक्या,
सहा माणसांचा शिळा उबारा.
सगळे निजल्यावर
झडपेची गंजलेली कडी काढली,
बोटभर उघडी ठेवली.

सकाळी कुणीतरी ती पुन्हा लावलेली.

त्या आठवड्यात तुऱ्याचं काळं टोक गळून पडलं.
उरलेला तुरा लाल आहे.
आरवतोय. जरा उशिरा.