गुरुवारचा रकाना

स्वयंपाकघराच्या दाराला मी काळा रंग फासला
त्याला तीन वर्षं झाली.
त्याआधी चिठ्ठ्या असायच्या: फ्रिजवर, बुटांत,
एकदा तर पावाच्या पोटात,
यास्नाचं अक्षर लोण्यात भिजलेलं:
"गॅसवाला आला तर थांबव."
तो आला होता. सिलिंडर बडवत आला, बडवत गेला.

घर टेकडीवर आहे, रस्त्यापासून एकशे तेरा पायऱ्या.
इथे डोकं मीठ विसरलं
की पोटऱ्या आठवण ठेवतात.

खाली वाल्परायसोचं बंदर, तिथे मी क्रेनवर.
कुठला कंटेनर कुणाच्या डोक्यावर,
झोपेत विचारा, सांगेन.
पण सकाळी सातला
मोज्यांची एक जोडी जमवताना
घाम फुटतो.

म्हणून हे दार. सात रकाने.
सोमवार: बास्तियान, दात. मोनसे, बासरी.
(बासरी शाळेत, मोनसे घरी, हे ठरलेलं.)
मंगळवार: कपडे, आयेलेन. वारा असला तर चिमटे दुप्पट.
नोल्बेर्तोमामाच्या गोळ्या रोज:
निळी न्याहारीला,
पांढरी त्याला आठवेल तेव्हा.
आणि पाव, ज्याचं नाव त्यानं आणायचा.

यास्ना इस्पितळात रात्रपाळी करते.
मी उतरतो तेव्हा ती चढते.
साठाव्या पायरीच्या आसपास गाठ पडते,
ती धापा टाकत, मी जांभई देत.
बोलायचं पुष्कळ असतं, दम नसतो.
मग दारावरच, रकान्यांच्या मधल्या पट्टीत
"नावेलचा खोकला ओला वाटतो"
याच्या खाली मी लिहितो,
"तुझा डावा खांदा?"
दुसऱ्या दिवशी एक बाण, आणि
"तसाच."

त्या बुधवारी रात्री नावेलनं,
वय वर्षं चार,
ओल्या फडक्यानं सगळं दार पुसलं
आणि एक जहाज काढलं.
तीन चिमण्या, धुराचा मोठा गोळा,
डेकवर एक क्रेन. क्रेनमध्ये मी,
डोकं धडापेक्षा मोठं.

सकाळी आम्ही सगळे दारापुढे उभे.
रागवायला हवं होतं,
पण कुणी रागवायचं, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

दिवस कसाबसा ढकलला.
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही म्हणतात ना,
बास्तियान खरंच बहिणीचे बूट घालून
फुटबॉल खेळून आला. दोन गोल केले म्हणाला.

संध्याकाळी मी एक किलो पाव घेऊन चढलो.
टेबलावर एक किलो होता.
तो आयेलेननं आणलेला, तिला वाटलं आपली पाळी.
मागून बास्तियान, काखेत पिशवी.
मामा तर गरम पाव कोटात लपवून,
जणू चोरून आणलाय.
यास्ना कामावर निघण्याआधी
कोपऱ्यावर जाऊन आली होती, तिचा पाव ओट्यावर.
पाच किलो.
मोनसे म्हणाली, "मी नाही आणला,
मला माहीत होतं सगळे आणणार."
तिला विचारायला हवं होतं आधी.

गॅस मात्र कुणीच मागवला नव्हता.
चहाशिवाय बसलो, अवोकाडो कुस्करून, मीठ लावून.
मामानं पांढरी गोळी आठवणीनं घेतली,
बहुधा दुसऱ्यांदा.
दोन किलो यास्ना वॉर्डात घेऊन गेली.

शुक्रवारी मी खडू घेतला, पट्टी घेतली,
रेघा मारल्या, जहाज पुसत आणलं.
पुढचं टोक आणि एक धुराची चिमणी गुरुवारात घुसलेली,
तिथे हात थांबला.
तेवढं ठेवलं.

आता गुरुवारी तीनच कामं मावतात.
चौथं निघालं की आयेलेन विचारते,
"शुक्रवारी नाही चालणार?"
बहुतेक वेळा चालतं.

काल पहाटे उतरण्यापूर्वी दार पाहिलं.
धुराच्या गोळ्यात, बारीक अक्षरात,
तिनं कधी लिहिलं कोण जाणे:
"खांदा बरा आहे.
पाव मी आणते.
तू आणू नकोस."