कोपरापर्यंत काळं

केलेबू गावात
गावाचं वय कुणी वर्षांत सांगत नाही.
कोर्तोबाईनं मातीत हात खुपसला,
बोटं बुडाली, मनगट बुडालं,
कोपराशी येऊन थांबली,
तिथं नखाला तांबडा मुरूम लागला.
"एवढं जुनं," म्हणाली.

मी माझं गिरमिट काढलं,
मोनरोव्हियाहून दोन दिवस ट्रकमध्ये आदळत आणलेलं,
पोलादी, सेंटिमीटरच्या खुणांचं.
भरले त्रेचाळीस.
तिच्या हाताएवढेच.

हे काळं कुणी ठरवून पेरलेलं नाही.
ताडतेल कढून झालं
की लाकडं पुरती जळू द्यायची नाहीत,
पाणी मारायचं. चर्र.
साबणापुरती राख वेगळी काढायची
आणि राहिलेले कोळसे, करपलेला कोंडा,
माशांचे काटे, कसाव्याच्या साली, भांड्यांचं धुवण,
सगळं स्वयंपाकघरामागं.
आई जिथं फेकायची तिथंच लेक फेकते.
पुढचं गांडुळं बघतात.

दहा पावलांवर, तांबड्या जमिनीत,
तीच मिरची पिवळी पडून उभी.
इथं तिच्या फांद्या फळांनी वाकलेल्या,
कडू वांगी पानाआड मावत नाहीत,
आणि कोलाच्या झाडाखाली
दुपारीही ओल.

मी तिला समजावलं, कंपनीनं शिकवलं तसं:
लाकूड कुजलं, जळलं, की हवेत जातं,
हवा तापते.
कोळसा झाला की शेकडो वर्षं
मातीत बसून राहतो, हलत नाही.
"म्हणजे आमच्या बायकांनी धूर पुरून ठेवला?"
तसंच म्हणा.
"मग पैसे कधी मिळतात?"
मी फॉर्म उलटला.
जुन्याचे नाहीत, बाई.
यापुढे पुराल त्याचेच.

ती हसली.
हसता हसता खाली बसली,
शेजारच्या यास्साला हाक मारली,
तिच्या जावेला हाक मारली,
"गेफ्लोर, पुन्हा सांग, पुन्हा सांग यांना,"
आणि मी तीनदा सांगितलं,
दर वेळी जरा हळू आवाजात.

मग नळीतली माती मी पत्र्यावर आडवी केली.
वरून चार बोटांवर एक पट्टा निराळा होता,
कोळसा जाड, नुसता कोळसा,
ना काटा, ना कोंडा.
त्यात एक खिळा.

यास्सा उठून गेली.
"हे चुलीचं नाही," कोर्तोबाई म्हणाली.
"हे छप्पर."
लढाईच्या वर्षी ती सीमेपलीकडं गिनीत होती,
परतली तेव्हा पुरुषभर गवत,
आणि गवतात घराचा चौकोन शोधायला
अख्खा दिवस गेला.
त्या चौकोनात तिनं भोपळा लावला.
"एवढा भोपळा पुन्हा कधी धरला नाही.
खाववत नव्हता.
खाल्ला."

माझ्या वहीत रकाने सात:
खोली, रंग, ओलावा, आम्लता,
टन प्रति हेक्टर वगैरे.
विस्तव कुणी लावला, हा रकाना नाही.
शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: खिळा, एक.
तिनं तो उचलला, पदराच्या गाठीत बांधला.
माती मात्र न्यायला दिली.
"अर्धीच ने," म्हणाली.
"तुझ्या मुठीत माझी आजी आहे."

भोक बुजवलं.
अंधार पडता पडता कुठून तरी तेलाचा वास आला,
तिच्या चुलीवर पाणी पडलं,
वाफ अंगणभर झाली,
आणि वाफेतून ती टोपलं घेऊन आली.
"हा मोज. हा तर यापुढचा ना?"

मी काटा अडकवला.
एक किलो दोनशे.
ओला आहे, म्हणालो, वाळला की कमी भरेल.

"भरू दे,"
आणि टोपलं तिनं
वांग्यांच्या बुडाशी उपडं केलं.