देठ

रात्री पावणेबारा. निपाणीतली मागची खोली.
कंपायलरनं सगळं मुकाट गिळलं
आणि बिल्ड अडलं अगदी शेवटच्या पायरीवर:
इन्स्टॉल झालेल्या, पण यादीत नसलेल्या
पाच फाइली सापडल्या.

वजनकाट्याचा प्रोग्राम.
कोगनोळीपासून संकेश्वरापर्यंत सतरा काटे,
पावती दोन्ही भाषांत.
आणि ह्या पाच, न बोलावता पंगतीत बसलेल्या:
एक लिब्टूलची, जिला आता कुणी विचारत नाही;
एक अनुक्रमणिका, जी प्रत्येक पॅकेज आपलीच म्हणून आणतं
आणि दुसऱ्याचीवर घालतं;
पॅचनं मागं सोडलेल्या दोन;
पाचवी मी नीट वाचलीच नाही.

हुक्केरीहून फोनवर बसगौडा:
"तो तपासच बंद कर की. एका ओळीचं काम.
ब्याड अंद्र ब्याड."
ओळ मला माहीत होती. अर्धी टाइपही केली होती.

आई दारात आली, चष्मा कपाळावर.
"काय हुडकालईस एवढ्या रातीचं?"
नको असलेलं, म्हटलं.
तिला एवढंच पुरलं. बत्तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत.
"देठ व्हय?"
देठच म्हण.

"आमच्यात देठ टाकत न्हवते. तोलत हुते.
पत्ती इतकी, देठ इतका, धूळ इतकी,
समदं वहीत. बेरीज आल्याल्या मालाएवढी झाली
तरच दार उघडायचं.
न लिवता टाकलं, तर चोरीच की ती."

अर्धी ओळ मी खोडली.
पाचही नावं पुन्हा वाचली, बोट ठेवून.
चौघी पुसायच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर
एक ओळ, कारणाची. उद्या कुणी विचारलं तर.
पाचवी कन्नड पावतीची निघाली.
बसगौडाचे तीन रविवार होते तिच्यात,
यादीत लिहायची मीच विसरले होते.
त्याला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ
काहीच बोलला नाही.
मग म्हणाला, एक शब्द चुकलाय त्यात, थांब.

बारा वाजून वीस. बिल्ड निघालं,
बेरीज जुळली.
आईनं माझ्या ओढणीवरचा एक धागा उचलला,
दिव्याकडं धरून बघितला,
आणि कुठं ठेवावा
ते तिला सुचेना.